मजुराच्या दुखण्याचा भार कोणी वाहावा?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेडेगावी काम करणारे आमचे एक उपदेशक बंधू ह्यांनी आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर लिहावयास बसलो, तेव्हा पहिली दोन उत्तरे आम्हांस फाडून टाकावी लागली, हे आम्ही आरंभीच कबूल करतो.

हकीकत अशी. ह्या बंधूंच्या मंडळीतील एक विधवा बाई मासळीच्या एका मोठ्या कारखान्यात कोळंबी सोलण्याच्या कामास जाते. सकाळपासून सायंकाळपर्यंत बर्फाच्या पाण्यात हात. बोटांस कोळंबीचे काटे लागतात, कातडी मऊ पडून चिरते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका चिरेत पू धरला, हात मनगटापर्यंत सुजला, ताप भरला. मुकादमाने सांगितले की, बरी होऊन ये, तोवर तुझ्या जागी दुसरी येईल. तिला सरकारी रुग्णालयात नेले, तेथे हातावर शस्त्रक्रिया झाली, एक पैसा लागला नाही, आणि बोटे वाचली. पुढल्या रविवारी मंडळीने उपकारस्तुती केली. उपासना सुटल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी उपदेशकांस बाजूस घेतले. हे गृहस्थ मुंबईस गिरणीत पुष्कळ वर्षे काढून गावी परतलेले आहेत. ते म्हणाले, "मास्तर, देवाचे आभार मानलेत, सरकारचेही मानलेत, ते बरेच केलेत. पण बायचा हात ज्याच्या कामात सडला, त्याने काय दिलेन?"

आमच्या बंधूंस तेथल्या तेथे उत्तर सुचले नाही. ते आम्हांस दोन गोष्टी विचारतात. सरकारचा पैसा म्हणजे लोकांच्या कराचा पैसा. तो घेऊन बरे होण्यात ह्या बाईने, किंवा तिला तेथे नेणाऱ्या मंडळीने, काही अनुचित केले काय? आणि सरकारने औषध दिल्यावर मालकाकडे काही देणे उरले काय?

पहिल्या गोष्टीचे उत्तर देण्यास आम्हांस फार वेळ लागत नाही. बाईने काहीही अनुचित केलेले नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. मोठ्या दुखण्यांकरिता महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ह्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढल्या वर्षी राज्यभर पसरली, २०१७ साली तिला जोतीरावांचे नाव मिळाले, आणि २०२३ साली कुटुंबामागे वर्षास ५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च सोसण्याचा व सर्वच कुटुंबांस तीत घेण्याचा निर्णय झाला. हे सर्व कायद्याने व सरकारी ठरावाने दिलेले आहे. ते कोणाच्या दारची भीक नव्हे. शिवाय ज्या पैशास आपण कराचा पैसा म्हणतो, तो केवळ बंगलेवाल्यांच्या तिजोरीतून येतो असे समजणे ही मोठी चूक आहे. साबणाची वडी, पायातील चप्पल, फोनचे रिचार्ज, ह्या सर्वांच्या किमतीत कर असतो, आणि तो कोळंबी सोलणारी बाईही भरते. तेव्हा रुग्णालयाच्या दारात जाताना मान खाली घालण्याचे तिला कारण नाही. आमच्या काही मंडळ्यांत, विशेषतः ज्या घरांची स्थिती थोडी सुधारली आहे त्यांत, 'फुकटचे खातात' असे बोलण्याची रीत हल्ली पडू लागली आहे, म्हणून हे इतके लिहिले.

दुसरी गोष्ट मात्र कठीण आहे.

त्या वृद्ध गृहस्थांनी प्रश्न विचारला, तो आपल्या जिल्ह्याच्या अनुभवातून विचारला असे आम्हांस वाटते. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, त्या वाढल्या रत्नागिरीच्या माणसांवर. १९११ सालच्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळले; त्या वेळी आजचा सिंधुदुर्गही ह्याच जिल्ह्यात होता. आमच्या वाचकांपैकी क्वचितच कोणी असा असेल, ज्याच्या घरातील आजा किंवा चुलता परळ-लालबागेस राहिला नाही. आता ह्या माणसांचे आजारपण कोठे होत असे, हे आठवून पाहावे. ताप हटेना, खोकल्यातून रक्त पडू लागले, यंत्रात हात सापडला, की चाकरमान्याची वळकटी आगबोटीत चढे आणि तो गावी येई. १८९६ साली मुंबईस प्लेग आला तेव्हाही हजारो लोक असेच कोकणात परतले. गावात त्यास पेज देणारी म्हातारी आई, काढा करून देणारी वहिनी, शेतातील मूठभर नाचणी. बरा झाला तर तो पुन्हा जाई. नाही झाला तर गावच्या मातीत जाई. बाळंतपणाकरिता बायका गावी येत, म्हातारपणी पुरुष गावी येत. गिरणीने त्याच्या आयुष्यातील बळाची वर्षे घेतली. लहानपण वाढविण्याचा, दुखणे काढण्याचा आणि म्हातारपण पोसण्याचा खर्च कोकणातील वरकस जमिनीने केला.

म्हणजे त्या काळी रत्नागिरी जिल्हा हे मुंबईच्या गिरणीमालकांचे एक विस्तीर्ण, बिनभाड्याचे इस्पितळच होते. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने, ज्याचे अध्यक्ष व्हिटलीसाहेब होते, १९३१ च्या आपल्या अहवालात मजुराचे गावाशी असलेले नाते तोडू नये असे मत दिले. आजारात व बेकारीत गाव हे त्याचे आश्रयस्थान असते, हा विचार त्यामागे होता. हा विचार खोटा नव्हता. परंतु त्या आश्रयस्थानाचा खर्च कोणी केला आणि नफा कोणाच्या वहीत जमा झाला, हे विचारणारे त्या वेळी थोडे होते.

त्या थोड्यांत एक मोठे नाव आपल्याच जिल्ह्याचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. १९२८ सालच्या जुलैमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरण्यांतील स्त्रियांस बाळंतपणाची रजा व भत्ता देण्याच्या विधेयकावर ते बोलले. हा भार मालकावर का म्हणून, सरकारने घ्यावा, असा आक्षेप होता. बाबासाहेबांनी आक्षेपातील खरा भाग मान्य केला. लोकांचे कल्याण राखणे हे प्रथम सरकारचे काम, हे त्यांनी नाकारले नाही. पण मालक स्त्रियांस कामावर ठेवतो तो त्यात त्यास विशेष लाभ आहे म्हणून. तेव्हा त्या लाभाबरोबर येणाऱ्या भाराचा निदान काही वाटा त्याने उचलणे रास्त आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढल्या वर्षी, १९२९ साली, मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आमच्या उपदेशक बंधूंच्या प्रश्नाचे बीज ह्या युक्तिवादात आहे, म्हणून तो थोडा उलगडून पाहू.

आजारी मनुष्याकडे दोन बाजूंनी पाहता येते. एक तर तो मनुष्य आहे, आपला शेजारी आहे. त्याने कोठे काम केले, केले की नाही, चांगला आहे की वाईट, हे न पाहता त्यास औषध मिळावे, हे सर्व समाजाचे कर्तव्य. आणि समाजाचा हात म्हणजे सरकार, म्हणून ते सरकारचे कर्तव्य. हे ऋण मजुराचे नव्हे, मनुष्यपणाचे आहे. दुसऱ्या बाजूने तो कोणाचा तरी कामकरी आहे. त्याच्या अंगातील बळ रोज थोडे थोडे कोणी विकत घेतो. बैल भाड्याने घेणारा शेतकरीही जाणतो की, नांगर चालतो त्या दिवसाची वैरण पुरत नाही. बैल बसला त्या दिवसाचीही वैरण लागते, आणि ती भाड्यात धरलेली नसेल तर बैलाचा धनी उपाशी मरेल. जो मालक कामाच्या दिवसाचीच मजुरी देतो, आणि ती इतकी बेताची की तीतून दुखण्याच्या दिवसाकरिता दमडी उरत नाही, तो मनुष्याचे बळ त्याच्या पुऱ्या किमतीस घेत नाही. उरलेली किंमत कोणी तरी भरतोच. पूर्वी ती कोकणातील गाव भरीत असे; आता सरकारी रुग्णालय भरते.

ही दोन्ही ऋणे निरनिराळी आहेत, आणि एकाने दुसरे फिटत नाही, असे आमचे मत आहे. यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या मनुष्याची गोष्ट आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकली आहे. शोमरोन्याने त्यास उचलले, जखमा बांधल्या, उतारशाळेत नेऊन पैसे भरले. ह्या गोष्टीवर आम्ही आजवर जी प्रवचने ऐकली, त्यांत याजक व लेवी ह्यांस दोष दिलेला ऐकला, शोमरोन्याची स्तुती ऐकली. पण शोमरोन्याने पैसे भरले म्हणून लुटारू निर्दोष झाले, असे कोणी म्हटलेले ऐकले नाही. मालक हा लुटारू आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. तो मनुष्यास काम देतो, आणि काम ही मोठी गोष्ट आहे. तथापि त्या वाटेवर रोज कोणी जखमी होत असेल आणि रोज कोणी शोमरोनी पैसे भरीत असेल, तर काही काळाने उतारशाळेचा हिशेब त्या वाटेच्या रहदारीचाच एक भाग होऊन बसतो, आणि वाट निर्धोक करण्याची कोणास निकड वाटत नाही. कारखान्यात हातमोजे द्यावे, दर काही तासांनी हात कोरडे करण्यास विसावा द्यावा, ह्याला खर्च येतो; सडलेल्या हाताला मालकाचा खर्च येत नाही. मग हातमोजे कशास यावे?

आता कोणी म्हणेल की, मालकाने द्यावे तरी किती आणि कसे? ह्याचे उत्तर आपल्या देशाने पूर्वीच दिलेले आहे. प्राध्यापक बी. पी. आडारकर ह्यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सरकारास सादर केली. तीवरून १९४८ साली कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला, १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे त्याचा आरंभ झाला आणि १९५४ साली तो मुंबईस आला. ज्यास आपले लोक 'ईएसआय' म्हणतात तो हाच. पूर्वी तो सरकारने जाहीर केलेल्या प्रदेशापुरताच लागू होत असे. आता तो कायदा २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात येऊन प्रदेशाची मर्यादा निघाली आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे हा विमा लागतो. जुलै २०१९ मध्ये ठरल्याप्रमाणे मालकाने मजुरीच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरावयाचा.

हिशेब करून पाहावा. बाईची महिन्याची मजुरी १२,००० रुपये धरली, तर मालकाचा वाटा ३९० रुपये होतो. महिन्याचे २६ दिवस कामाचे धरले, तर रोजाचे १५ रुपये. बस थांब्यावरच्या टपरीत एक कप चहाला हल्ली जवळजवळ इतकेच पडतात. ज्या मोठ्या कारखान्याचा माल बर्फात घालून जहाजाने परदेशी जातो, तो ह्या १५ रुपयांनी बुडेल असे आम्हांस वाटत नाही.

परंतु ह्या १५ रुपयांत काय मिळते, हे आमच्या उपदेशक बंधूंनी नीट लक्षात घ्यावे. कारण मुख्य मुद्दा येथेच आहे, आणि पुष्कळ शिकलेल्या लोकांच्याही तो ध्यानात येत नाही. लोक म्हणतात, सरकारी कार्डावर औषध मिळते, विम्यातही औषधच मिळते, मग फरक कोणता? फरक चुलीचा आहे. जन आरोग्य योजनेचे कार्ड रुग्णालयात दाखल झालेल्या मनुष्याचा ठरावीक उपचारांचा खर्च सोसते. तो घरी परतून खाटेवर पडला म्हणजे त्याच्या घरात काय शिजते, ह्याच्याशी कार्डाचा संबंध नाही. विमा असलेल्या कामगारास मात्र, त्याची आवश्यक तितक्या दिवसांची वर्गणी भरलेली असली म्हणजे, आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. कामावर इजा होऊन कायमचे अपंगत्व आले तर निर्वाहवेतन मिळते. बाळंतिणीस २६ आठवड्यांची मजुरी मिळते. ह्या बाईचा हात बरा होण्यास सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत तिने कानातील कुड्या गहाण टाकल्या, आणि थोरल्या मुलाची शाळा सुटली. तो आता बंदरावर मासळीच्या टोपल्या उचलतो. रुग्णालयाचा खर्च शून्य झाला हे खरे. पण ह्या दुखण्याचा खर्च शून्य झाला नाही. तो त्या मुलाने भरला.

मग तिचा विमा का नव्हता? कारण कारखान्याच्या मस्टरवर तिचे नाव नव्हते. ती ठेकेदाराची मजूर. ठेकेदार सांगतो, कारखान्यास विचारा. कारखाना सांगतो, आम्ही ह्या बाईस ओळखत नाही. आपल्या जिल्ह्यात आता गिरणीकरिता मुंबईस जाण्याची गरज उरली नाही. मिरजोळ्यास, लोटे-परशुरामास, जयगडाच्या खाडीकाठी कारखाने आले, हे चांगले झाले. पण जेथे तेथे मोठा कारखाना आणि मजूर ह्यांच्यामध्ये एक ठेकेदार उभा असतो, आणि पुष्कळदा त्याचे मुख्य काम माणसे पुरविणे हे नसून जबाबदारी गिळणे हे असते. कायदा ह्या बाबतीत भोळा नाही. ठेकेदाराने आणलेल्या माणसाची वर्गणीसुद्धा प्रथम मुख्य मालकाने भरावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी, असे विम्याच्या कायद्याने प्रथमपासून सांगितलेले आहे. 'आम्ही ओळखत नाही' हे उत्तर कायद्यातही चालत नाही, आणि नीतीत तर नाहीच नाही. ज्याच्या टेबलावर कोळंबी सोलली गेली त्याने सोलणारीस ओळखलेच पाहिजे.

मालकांच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे आहे, ते दडवून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. एक मालक वर्गणी भरतो, शेजारचा भरीत नाही. शेजाऱ्याचा माल स्वस्त पडतो, आणि भरणारा बाजारात मागे राहतो. ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट एकेका मालकाच्या दयाबुद्धीवर सोडण्याची नसून सर्वांवर सारख्या रीतीने वसूल करण्याची आहे. दुसरी तक्रार कामगारांचीच आहे: पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते, पण विम्याचा दवाखाना इतका दूर की आजारी माणूस अखेर सरकारी रुग्णालयातच जातो. हीही तक्रार खोटी नाही. पैसे घेऊन दवाखाना न देणे हा विमा चालविणाऱ्यांचा दोष आहे, आणि त्याने मालकांस आयतीच सबब मिळते.

ह्याहून खोल आक्षेप आणखी एक आहे, आणि त्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. मनुष्याचे औषधपाणी त्याच्या नोकरीस बांधून ठेवावेच का? नोकरी गेली की औषधही जाणार. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. तो सरकारी रीतीने कधी मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आणि नोकरीबरोबर हळूहळू विम्याचे कार्डही गेले. त्या वृद्ध गृहस्थांस हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. ज्या दिवशी मनुष्यास औषधाची आणि आधाराची अधिक गरज, त्याच दिवशी दार बंद होते. म्हणून रुग्णालय सर्वांचे असावे, कार्डही सर्वांचे असावे, हे आम्हांस मान्य आहे. पण सर्वांच्या रुग्णालयाचा खर्च भरताना, ज्याने मनुष्याचे बळ वापरून नफा केला त्याच्याकडून त्याचा वाटा घ्यावा की नाही, हा प्रश्न तेथेही उभा राहतोच.

हा प्रश्न केवळ गरीब देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेत गरिबांच्या उपचाराकरिता मेडिकेड नावाची सरकारी योजना आहे. तेथील सरकारच्या हिशेबतपासणी खात्याने २०२० साली असे दाखविले की, ह्या योजनेत असलेल्या कमावत्या प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के पूर्णवेळ काम करणारे होते, आणि त्यांच्या मालकांत वॉलमार्टसारख्या मोठमोठ्या कंपन्या होत्या. मेरीलँड राज्याने २००६ साली कायदा केला होता की, ज्याचे दहा हजारांहून अधिक नोकर आहेत त्याने मजुरीच्या आठ टक्के रक्कम त्यांच्या आरोग्याकरिता खर्चावी, न खर्चल्यास उरलेली रक्कम राज्यास द्यावी. न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. पुढे २००७ साली वरिष्ठ न्यायालयानेही तोच निकाल ठेवला. त्या देशात ह्या वादात काही लोक असे म्हणू लागले की, मालकांस फायदा होतो तर मजुरांचे कार्डच काढून घ्यावे. असे म्हणणाऱ्यांपासून आपण सावध राहावे. कार्ड काढून घेतल्याने मजुरी वाढत नाही; रोगी मात्र मरतो. मालकाकडील येणे वसूल करावयाचे तर ते मालकाकडे जाऊन करावे, खाटेवर पडलेल्याच्या उशाखालून नव्हे.

येथवर आम्ही मालकांविषयी लिहिले. ते लिहिताना आमच्याच दाराशी काही गोष्टी उभ्या राहिल्या.

सरकार हाही एक मालक आहे, आणि फार मोठा. ज्या आशा सेविका गावोगावी फिरून आपल्या बाळंतिणींस रुग्णालयात नेतात, कार्ड काढून देतात, त्यांच्या हातात पडते ते 'वेतन' नव्हे, 'मानधन'. १ फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात आशा व अंगणवाडी सेविकांस आयुष्मान भारत योजनेत घेतल्याचे जाहीर झाले, आणि त्याबद्दल टाळ्या वाजल्या. आम्हांसही आनंद झाला. परंतु मागाहून मनात आले की, आपल्याच कामकऱ्यांस गरिबांचे कार्ड देऊन सरकारने त्यांच्या विम्याचा प्रश्न बाजूस सारला, हे कारखानदारांच्या रीतीहून फार निराळे झाले काय?

आणि आपण स्वतः? आमच्या मंडळ्यांच्या शाळांत, वसतिगृहांत, दवाखान्यांत स्वयंपाक करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापैकी किती जणींची नावे कोणत्या वहीत आहेत? जुन्या काळी उपदेशकांस वेतन थोडे असे, आणि ते आजारी पडले म्हणजे मिशनच्या इस्पितळात फुकट औषध मिळे. म्हणून वेतन थोडे असले तरी चालते, असे म्हणणारे लोक होते. तो युक्तिवाद हुबेहूब आजच्या कारखान्याचा आहे. आमच्या खेड्यांतील वाचकही आषाढात लावणीस चार माणसे लावतात, वैशाखात आंबा उतरविण्यास गडी चढवितात. लावणीच्या चिखलात लेप्टोचा ताप येतो. आंब्यावरून गडी पडून कंबर मोडते. लहान शेतकऱ्याने रुग्णालयाचा खर्च करावा असे आम्ही म्हणत नाही. तो स्वतःच कर्जात असतो, आणि त्याच्याकरिताच सरकारी रुग्णालय आहे. पण गडी पडून राहिला ते आठ-पंधरा दिवस त्याच्या घरी तांदूळ पोचविणे कित्येकांच्या आवाक्यात असते, आणि पूर्वी आमच्या गावांत अनेक धनी असे करीत. ज्याचा नफा मोठा त्याचे देणे मोठे, ज्याचा लहान त्याचे लहान. पण ज्याचे काहीच नाही असा मजूर लावणारा कोणी नाही.

आमच्या बंधूंस आम्ही उत्तरादाखल इतके कळविले आहे. बाईची कार्डाची कागदपत्रे नीट जपून ठेवावीत. त्यात लाज नाही. ती पुन्हा कामावर गेली असेल तर तिच्यासह मंडळीतील जी माणसे कारखान्यांत जातात, त्यांच्याकडून मजुरीची पावती मागून पाहावी. तीवर विम्याच्या वर्गणीचा रकाना आहे काय, कापलेली रक्कम लिहिली आहे काय, विमा क्रमांक दिला आहे काय, हे पाहावे. पावतीच मिळत नसेल तर तेही लिहून ठेवावे. एकट्या बाईने मुकादमास विचारले तर तिचे काम जाईल. दहा-बारा जणींनी मिळून, मंडळीतील दोन शहाणे लोक बरोबर घेऊन, नम्रपणे विचारावे. तेथे उत्तर मिळाले नाही, तर विम्याच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. मुलाच्या शाळेविषयीही आम्ही विचारले होते.

त्यांचे दुसरे पत्र ह्या आठवड्यात आले. बाई पुन्हा कामास लागली आहे; उजव्या हाताची दोन बोटे नीट मिटत नाहीत, म्हणून पूर्वी इतकी कोळंबी सुटत नाही, आणि मजुरी किलोवर असल्यामुळे तीही कमी पडते. मुलास शाळेत परत घेण्यास मुख्याध्यापक तयार आहेत. मुलगा तयार नाही. अकरा बायकांनी मिळून पावती मागितली. ठेकेदाराने पुढल्या महिन्याचा वायदा केला आहे. पावती हाती येताच तिची नक्कल आम्हांकडे पाठवितो, असे आमच्या बंधूंनी लिहिले आहे.